अबोला आणि वाटाघाट : भारत-पोर्तुगाल संबंधांतील एक धडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते याच शाळेत इतिहास शिकवीत. मी मात्र आयुष्यभर मराठी शिकविली. तेव्हा आजच्या विषयावरील माझा अधिकार तोकडाच आहे. पण दोन शेजाऱ्यांचा अबोला म्हणजे काय, हे ग्रंथांत वाचण्यापूर्वी मी घरात पाहिले आहे.

आमचे घर पेडणे महालातले. आईचे माहेर बांद्याचे. मध्ये अंतर ते किती! परंतु १९५५ च्या ऑगस्टात पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सीमा बंद झाली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. पुढे आजोबा वारल्याचे वर्तमान आईला तेरावा उलटून गेल्यावर समजले. तिने स्नान केले आणि निमूटपणे चूल पेटविली.

हा अबोला एका दिवसात आला नव्हता. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने पोर्तुगालला आपल्या वसाहतींच्या भवितव्याविषयी बोलणी करावीत, असे रीतसर सुचविले. लिस्बनचे उत्तर असे, की जो आमच्या देशाचाच भाग आहे, त्याविषयी बोलण्याजोगे काहीच नाही. १९५१ साली सालाझार यांच्या राजवटीने घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. नाव बदलले आणि वाटाघाटींचे दार आतून लावले गेले. १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली; १९५५ साली राजनैतिक संबंधच तुटले.

संबंध तुटले, तरी व्यवहार थोडाच तुटतो? भारतातील पोर्तुगालच्या हितसंबंधांची देखभाल ब्राझीलकडे गेली. दादरा-नगरहवेलीकडे जाण्यायेण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता हक्क मान्य केला, सैन्यापुरता नाकारला. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असेही ठरविले. एकमेकांशी न बोलणारे हे दोन पक्ष न्यायाधीशांपुढे मात्र सव्वाचार वर्षे बोलत होते!

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. अबोला मात्र संपला नाही. तो आणखी तेरा वर्षे टिकला. मोहन रानडे १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. गोमंतकीयांनी बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेत गहाण ठेवलेले दागिने मुक्तीपूर्वीच लिस्बनला नेले होते. तेही तिथेच अडकले.

अखेर २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश आणि भारतातर्फे आपले यशवंतराव चव्हाण यांनी त्यावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य झाले, राजनैतिक संबंध पुन्हा जुळले; मालमत्तेचे प्रश्न पुढील बोलण्यांसाठी ठेवले गेले. गहाण दागिने परत आले ते १९९१ साली. करारानंतरही सतरा वर्षे लागली, हे विसरू नये.

यावरून भारत-पाकिस्तान संबंधांविषयी काही बोध घ्यावा काय? २०१९ च्या ऑगस्टात या दोन देशांत उच्चायुक्त ठेवणे बंद झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला आणि मे महिन्यात शस्त्रे चालली. येथे उपमेची मर्यादा मी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९७४ मध्ये मूळ वाद १९६१ सालीच निकालात निघालेला होता. करारावर फक्त वस्तुस्थितीची मोहोर उठवायची होती. काश्मीरविषयी तसे म्हणता येत नाही. शिवाय एका राजधानीतील राजवट बदलावी आणि सारे सुकर व्हावे, असा योग मागून मिळत नाही.

मग हाती काय राहते? लहान गोष्टी. योगायोग पाहा : ३१ डिसेंबर याच तारखेला, १९८८ साली, भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जाऊ लागल्या. २००८ च्या करारानुसार कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्याही वर्षातून दोनदा दिल्या-घेतल्या जातात. उच्चायुक्त नसतानाही, २०२५ च्या १ जानेवारीला, हे दोन्ही व्यवहार पार पडले. ज्याचे नाव त्या यादीत असते, त्याच्या घरच्यांना ती यादी लहान वाटत नाही.

कृष्णशिष्टाई फसली, तरी ती झाली नसती तर बरे, असे आपण म्हणत नाही. मोठ्या वाटाघाटींचा मुहूर्त कोणी सांगू शकत नाही. तोवर कैदी, कोळी, आजारी माणसे आणि माहेरवाशिणी यांच्यापुरती तरी वाट मोकळी राहावी, एवढा आग्रह नागरिकांनी धरता येतो. माझी आई १९६२ साली बांद्याला गेली. घर होते, अंगण होते, आजोबा नव्हते. वाटाघाटींना उशीर होतो तेव्हा त्याचा हिशेब अशा घरांत मांडला जातो.