मांडव्याचा किनारा आणि वनस्पतिजन्य इंधनाचा इतिहास

मांडव्याचा किनारा मुंबई बंदराच्या समोर पडतो. मुंबईच्या चुली ज्या मुलुखाच्या रानांवर दीर्घकाळ पेटत राहिल्या, त्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याचा हा भाग होय. येथील सरपण व लोणारी कोळसा गलबतांतून मुंबईस जाई.

कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी प्रमुख होते. खैराच्या कातावरून नाव पडलेल्या या जमातीस, कात काढण्याचा धंदा ओसरल्यावर, भट्टीची मजुरी पत्करावी लागली; पुढे उचलीच्या कर्जाने तिला जखडून टाकले. लाकडे रचून ती पाल्याने व मातीने लिंपावयाची आणि हवा कोंडून मंद आच द्यावयाची, ही त्यांची रीत. प्रथम ओलावा निघून जातो. सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे हेमीसेल्युलोज व नंतर सेल्युलोज यांचे विघटन होते. लिग्निन मात्र सावकाश झिजते. मातीच्या भट्टीत लाकडाच्या वजनाच्या शेकडा १० ते २५ इतकाच कोळसा हाती येतो. उरलेले द्रव्य वाफ, वायू व डांबर होऊन धुरात जाते.

परंतु रानावर केवळ शहराचाच हक्क नव्हता. भाताच्या रोपांसाठी शेतकरी पाला, फांद्या व शेण पसरून जमीन भाजत, हाच राब. १८७८ च्या वनकायद्यानंतर त्याच्या तोडीवर निर्बंध वाढले आणि ठाणे-कुलाब्यातील असंतोषामुळे १८८५ साली मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. सरकारी दप्तरास जो पाला निरुपयोगी वाटे, तो कुणब्याच्या लेखी पुढील सालचे पीक होता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले, तेव्हा कोळशापासून केलेल्या वायूवर मोटारी धावल्या. आज प्रश्नाचे रूप पालटले आहे. पेंढ्यास वाफ व सौम्य आम्ल यांची पूर्वप्रक्रिया दिली म्हणजे तंतूंची घट्ट वीण उसवते. मग विकरे सेल्युलोजची साखर करतात व किण्वाने तिचे अल्कोहोल होते. पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रावर उभारलेला पानिपतचा कारखाना २०२२ साली सुरू झाला. वर्षास सुमारे २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना होती.

पंजाब-हरियाणात जो पेंढा शेतातच जाळला जातो, तो कोकणात गुरांची वैरण असतो. म्हणून ‘टाकाऊ’ हा शब्द वापरण्यापूर्वी त्या द्रव्याचा आधीचा धनी कोण, हे पाहणे प्राप्त आहे. कुलाब्याच्या इतिहासाचा हाच निष्कर्ष होय.