पागेतला शेजार



आमचं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरचं, वसलं तेच मुळी छावणी म्हणून. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला तो उठलाच नाही. छावणी आली म्हणजे पागा आलीच. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. पागेचा हिशेब लिहिणारा तो पागनीस. इंदूरला तर पागनीसपागा नावाची वस्तीच आहे.

माझे आजोबा लष्करातल्या एका सरदारांच्या पागेत कारकून होते. चौदा जनावरं होती. आजोबा म्हणत, "वहीत नाव मालकाचं, पण पागेत राज्य घोड्यांचंच." तिथे एक म्हातारी घोडी होती. अंगाने किरकोळ, पण हौदावर पाणी आधी ती पिणार. तिने नुसते कान मागे पाडले की दांडगा घोडासुद्धा बाजूला व्हायचा. एकदा मान कोणाचा हे ठरलं की लाथेची वेळ सहसा येत नाही. भांडणं व्हायची ती चंदीच्या वेळी, नाहीतर नवीन जनावर आलं की. म्हणून नवा घोडा एकदम सगळ्यांत सोडत नसत. आधी थोडा लांब बांधायचा, बाकीच्यांना बघू द्यायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. भित्रा घोडा दांडग्याशेजारी बांधला तर मधे फळ्या असूनही पोटभर खात नाही. मोतद्दार म्हणणार आजारी आहे, आणि दुखणं असतं शेजाऱ्याचं!

त्या म्हातारीच्या शेजारच्या ठाणावर एक पंचकल्याणी घोडा होता. मोकळे सोडले की दोघं समोरासमोर उभी राहून एकमेकांची आयाळ दातांनी खाजवत बसायची.

१९५१ साली मध्य भारतात जहागिऱ्या रद्द करण्याचा कायदा झाला आणि पागा मोडायला निघाली. विक्रीची यादी आजोबांनीच केली. रंग, वय, किंमत. पंचकल्याणी घेणारा गृहस्थ म्हणाला, म्हातारीचे वीस रुपये देतो, तीही नेतो. यादीत चाळीस होते. आजोबा यादीला चिकटले. घोडा एकटाच गेला. म्हातारी तीन दिवस दाराकडे तोंड करून खिंकाळत होती, चंदीला शिवली नाही. पुढे ती पंधरा रुपयांना गेली.

आजोबा ही गोष्ट सांगताना शेवटी एवढंच म्हणत, "वहीत जोडीचा रकानाच नव्हता रे."

आपल्यापैकी कोणाच्या घरी पागेच्या आठवणी, जुन्या वह्या असतील तर जरूर लिहा.