हरिपूरच्या पेवापासून क्लाउडच्या बोगद्यापर्यंत

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्याआधी २००५ च्या महापुराने शेजारच्या हरिपुरातील पेवांची दैना केली होती. पेव म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेले खोल कोठार. मातीखाली माल निर्धोक राहतो, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास पाण्याने मोडला.

माल उंचावर हलवता येतो. संगणकातील खतावणी मात्र पेढीसोबत बुडते. २०१५ मध्ये पुण्यात मायक्रोसॉफ्टची आणि २०१६ मध्ये मुंबईत ॲमेझॉनची केंद्रे सुरू झाली, तेव्हा नदीपासून दूरचे कोठार आवाक्यात आले. पेढीचा राउटर आणि त्या केंद्राचे गेटवे यांच्यामध्ये सार्वजनिक इंटरनेटवरून जी कूटबद्ध वाट कायमची जोडली जाते, ती व्हीपीएन. तिलाच बोगदा म्हणतात. हा धागा तो बोगदा बंद का पडतो याविषयी आहे. बिघाड वरवर आजचे दिसतात, पण त्यांची मुळे बहुधा जुन्या निर्णयांत असतात.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी एक अद्भुत गोष्ट दाखवली: कधीही न भेटलेले दोन पक्ष उघड्या संभाषणातून सामायिक गुपित तयार करू शकतात. समोरचा खरा की तोतया, हे मात्र त्यातून कळत नाही. म्हणून दोन्ही टोकांना आधीच एक परवलीचा शब्द देऊन ठेवतात. तो चिकटवताना शेवटी एक मोकळी जागा राहिली, तरी ओळख पटत नाही. इतक्या क्षुल्लक कारणाने दिवस वाया जातात.

ओळख पटण्याआधीचा टप्पा अधिक कटकटीचा. १९९८ च्या आयपीसेक मानकांनी कूटलेखनाची पद्धत, पडताळणी, गटक्रमांक, मुदत अशा प्रत्येक बाबतीत अनेक पर्याय खुले ठेवले. फर्ग्युसन आणि श्नायर या अभ्यासकांनी ही रचना अतिगुंतागुंतीची आहे आणि तो समितीच्या कारभाराचा परिणाम आहे, अशी टीका केली. टीका रास्तच होती. ‘प्रस्ताव जुळला नाही’ हा संदेश त्याच समितीची देणगी. इलाज रुक्ष आहे: दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवून शब्दशः ताडून पाहणे.

आता ऑगस्ट १९९५. १५ तारखेला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्याच महिन्यात आयपीसेकची पहिली मानके प्रसिद्ध झाली. त्यांनी गृहीत धरले होते की पाकिटावरचा पत्ता वाटेत बदलत नाही. वास्तविक वर्षभर आधी, मे १९९४ मध्ये, पत्ते अपुरे पडू लागल्याने वाटेत पत्ता बदलणारी ‘नॅट’ ही युक्ती मांडली गेली होती. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठल्या. समेट व्हायला जानेवारी २००५ उजाडले: कूटबद्ध पाकीट यूडीपीच्या साध्या पाकिटात घालून ४५०० क्रमांकाच्या पोर्टवरून पाठवावे.

सांगलीतील पेढीचा राउटर सेवादात्याच्या मोडेममागे असेल, तर हा समेट पाळला जातो आहे का ते आधी पाहावे. पोर्ट ५०० खुले आणि ४५०० बंद असेल, तर बोलणे सुरू होते आणि मध्येच शांतता पसरते. दुसरा प्रकार असा की राउटर स्वतःचा खासगी पत्ता ओळख म्हणून सांगतो आणि गेटवे सार्वजनिक पत्त्याची वाट पाहत बसते.

कधी बोगदा जोडलेला दिसतो, छोटी चाचणी पार पडते, आणि मोठी फाइल मात्र अडकते. इथे इथरनेटची १५०० बाइटची जुनी मर्यादा आडवी येते. कूटबद्ध वेष्टनाने पाकीट फुगते आणि दारात मावत नाही. पाकिटातील मजकुराची मर्यादा १३५० बाइटच्या आसपास आणली की वाट बहुधा मोकळी होते.

या सर्वांत पुरावा म्हणजे दोन्ही टोकांच्या नोंदवह्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे काम ओळखीचे वाटेल. बोलणे सुरू करणाऱ्याला नकाराचे कारण मोघम सांगितले जाते. नेमके कारण नाकारणाऱ्याच्या वहीत सापडते. एकाच पक्षाची कागदपत्रे वाचून लढाईचे वर्णन करू नये, तसेच हे. शिवाय राउटर भारतीय वेळ लिहितो आणि गेटवे बहुधा जागतिक वेळ. साडेपाच तासांचा हा फरक न जुळवता घटनाक्रम लावणे म्हणजे मोडी कागदातील सुहूर सन थेट इसवी सन समजून वाचणे.

सर्वांत चिवट अडचण साताऱ्याची शाखा जोडताना उभी राहते. फेब्रुवारी १९९६ च्या एका मानकाने काही पत्ते खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. बाजारातील कित्येक राउटर त्यांतलाच १९२.१६८.१ हा गट घेऊन खोक्यातून बाहेर येतात. सांगलीत तोच, साताऱ्यातही तोच. दोन्ही बोगदे जोडले गेले, तरी उत्तर कोणत्या गावी धाडायचे हे गेटवेला उमगत नाही. नॅटचा आणखी एक थर चढवून वेळ मारून नेता येते. पण त्याने पुढच्या बिघाडाचा माग काढणे अवघड होते. त्यापेक्षा एका रविवारी साताऱ्याची शाखा बंद ठेवून बिलाच्या संगणकापासून छपाईयंत्रापर्यंत प्रत्येकाला नवा पत्ता द्यावा, आणि तीच दुरुस्ती गेटवेच्या मार्गतक्त्यातही करावी.