एक दिवस आधी : बडोद्याच्या विद्यापीठाची तरतूद

माझे वडील इथल्या विद्यापीठाच्या हिशेबखात्यात कारकून होते. अंदाजपत्रकाचे दिवस आले की ते रात्री उशिरा घरी यायचे आणि जेवताना आकडे पुटपुटायचे. एकदा म्हणाले, ‘‘पैसा कुठून आला, हे सगळे विचारतात. तो कशात मुरवला, हे कोणी विचारत नाही.’’ तेव्हा मला ते कळलं नाही. मंडळासाठी विद्यापीठाच्या स्थापनेवर टिपण करायला बसलो, तेव्हा कळलं.

तारखांपासून सुरुवात करू. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना ३० एप्रिल १९४९ ची, म्हणजे बरोबर एक दिवस आधीची. त्याचा कायदाही संस्थानाचाच, १९४९ चा. बडोद्यात आपण हे अभिमानाने सांगतो, पण त्यामागचा व्यवहार क्वचितच पाहतो. खजिना दुसऱ्याच्या हाती जाणार हे ठरलेलं असताना, आपल्या गावाच्या उपयोगी काय मागे ठेवता येईल, असा तो प्रश्न होता.

रोकड ठेवली तर ती संपते. म्हणून जे आधीच उभं होतं त्यालाच कायद्याने एकत्र बांधलं गेलं. काय काय होतं? १८८१ चं बडोदा कॉलेज, चिझमने आखलेल्या त्या घुमटाच्या इमारतीसह. मौलाबक्षांची १८८६ ची गायनशाळा. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये उभं केलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले. संस्कृत महाविद्यालय आणि १९२७ चं प्राच्यविद्या मंदिर, हजारो पोथ्यांसह. सयाजीराव महाराजांनी साठ वर्षं केलेला खर्च असा इमारती, पोथ्या आणि माणसं यांत मुरलेला होता. त्यांचे नातू प्रतापसिंहरावांनी त्याला विद्यापीठाचं रूप दिलं. स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मात्र जुनी. १९२६-२७ मध्ये प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोगही नेमला होता.

स्वतंत्र विद्यापीठाची एवढी ओढ का? कारण बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. पैसा बडोद्याचा, अभ्यासक्रम आणि परीक्षा मुंबईच्या. नवा विषय सुरू करायचा तर दुसऱ्याच्या मंजुरीची वाट पाहायची. त्याच १९४९ साली अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ निघालं. बडोद्याने स्वतःची सोय करून ठेवली नसती, तर कॉलेज बहुधा त्या नव्या छताखाली गेलं असतं.

दुसरा निर्णय रचनेचा. आपलं विद्यापीठ जिल्ह्या-जिल्ह्यातली कॉलेजं जोडून घेणारं नव्हतं, एकाच गावातलं एकसंध होतं. हिशेबाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. संलग्न कॉलेजं असली की त्यांच्या परीक्षा आणि तपासण्या यांतच विद्यापीठाची बरीच ताकद जाते. शिवाय परीक्षा-शुल्काचं उत्पन्न सोडवत नाही. बडोद्याने त्या उत्पन्नावर पाणी सोडलं आणि शिकवण्याचं काम स्वतःकडे ठेवलं.

पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. दिवाण मनुभाई मेहतांच्या त्या कन्या आणि बडोदा कॉलेजच्याच विद्यार्थिनी. १९५८ पर्यंत त्या पदावर होत्या. नव्या संस्थेकडे पैसा बेताचा. तो कुठे घालायचा? सुरक्षित उत्तर होतं, जे सगळीकडे चालतं त्यातच आणखी भर घाला. हंसाबेनच्या काळात मात्र गृहविज्ञान, समाजकार्य आणि ललितकला यांना विद्याशाखेचा दर्जा मिळाला. चित्रकलेला विद्यापीठाची पदवी, हे त्या काळी कित्येकांना चैन वाटलं असेल. १९५० मध्ये ललितकला विद्याशाखा निघाली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता आणि चित्रकलेला आपले इंदूरचे ना. श्री. बेंद्रे. पुढे ‘बडोदा’ हे नाव भारतीय आधुनिक चित्रकलेत कसं रुजलं, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. ज्याची मागणी अजून नव्हती, त्यात पैसा घातला आणि तोच सगळ्यांत जास्त उगवला.

पुढची गोष्ट थोडी कमी रम्य आहे. १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला आणि देशभरची विद्यापीठं पंचवार्षिक योजनांच्या चाकाला जुंपली गेली. रीत साधारण अशी : नवा विभाग, नवी पदं, उपकरणं यांना आयोग योजनेच्या मुदतीपुरता पैसा देणार, नंतरचा पगाराचा भार राज्याने उचलायचा. राज्याने हात आखडता घेतला की पद कागदावर राहतं आणि वर्गात हंगामी शिक्षक येतो. वडिलांची झोप उडायची ती याच दोन रकान्यांपायी, ‘योजना’ आणि ‘योजनेतर’. बाराव्या योजनेबरोबर, २०१७ मध्ये, ती व्यवस्थाही संपली.

२०२३ मध्ये गुजरातने सार्वजनिक विद्यापीठांचा एकच कायदा केला. अकरा विद्यापीठं त्याखाली आली, त्यांत आपलंही. १९४९ चा कायदा इतिहासजमा झाला. सेनेट-सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन मंडळ आलं. बाजूचं म्हणणं असं की निवडणुकांचं राजकारण संपेल आणि निर्णय लवकर होतील. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सेनेटची भांडणं आम्ही लहानपणापासून ऐकलीत. पण मला रुखरुख वेगळी आहे. एका दिवसाच्या अंतराने जे राखलं होतं, ते म्हणजे पैसा कशात मुरवायचा हे इथे बसून ठरवण्याचा हक्क. सगळ्यांना एकच माप लावलं, तर पुढची ‘चैन’ कोण मंजूर करणार?

उत्तर माझ्याजवळ नाही. एक विनंती मात्र आहे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या मराठी घरांतून विद्यापीठात नोकरी केलेली माणसं पुष्कळ होती. कोणाच्या माळ्यावर जुनी छापील अंदाजपत्रकं, वार्षिक अहवाल किंवा सेनेटची इतिवृत्तं पडली असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी मंडळाला दाखवा. वडिलांची एक वही मी जमा केली आहे.