रेशनकार्डाचा रंग आणि म्हातारपणाचं दवापाणी

नवरा-बायकोचा इन्कमटॅक्स आपल्याकडे वेगवेगळा भरतात. दवाखान्याची सरकारी मदत मात्र बरीच वर्षं घरच्या रेशनकार्डावर ठरली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली, २१ नोव्हेंबर २०१३ ला राज्यभर. पिवळं आणि केशरी कार्ड, म्हणजे वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न, त्यात बसायचं. सासू-सासऱ्यांची नावं नोकरदार मुलाच्या पांढऱ्या कार्डावर असली, की हाती कमाई नसूनही दोघं बाहेर!

पुढे आपल्यासह १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्यावर घेतलं. २०१७ ला योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. जुलै २०२३ मध्ये ती सगळ्या रेशनकार्डांना खुली करायचं ठरलं.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्न न विचारता आयुष्मान कार्ड मिळू लागलं. वय आधारवरून धरतात. वर्षाचे पाच लाख जोडप्यात मिळून, पण कार्ड ज्याचं त्याचं. सासऱ्यांचं काढलं म्हणजे सासूबाईंचं निघालं असं नाही. तेव्हा येरमाळ्यातल्या बायांनो, बचतगटाच्या पुढच्या बैठकीत घरच्या म्हाताऱ्यांच्या आधारवरचं जन्मसाल आधी तपासा.