खोली लहान, पण स्वयंपाक कुठे?

मैत्रिणींनो, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत एकट्या राहणाऱ्या मुलामुलींसाठी आता एका खोलीचे फ्लॅट सर्रास निघाले आहेत. जाहिराती वाचल्या की वाटतं, कल्पना अगदी नवी आहे. पण ती नव्वद वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यामागे दोन मुलांच्या आईचा विचार होता.

त्या बाईंचं नाव मॉली प्रिचर्ड. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्यांचे यजमान जॅक प्लायवूडच्या व्यवसायात होते. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या जागेवर आधी त्यांना स्वतःचं घर बांधायचं होतं. मग बेत बदलला. एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या तरुण माणसाला किती जागा पुरेल, याचा आराखडा मॉलीबाईंनी मांडला आणि वास्तुरचनाकार वेल्स कोट्स यांनी तो उतरवला. कोट्स यांचा जन्म टोकियोचा आणि बालपण जपानात गेलेलं, त्यामुळे मोकळ्या खोलीची त्यांना सवय होती. 1934 मध्ये ‘लॉन रोड फ्लॅट्स’ ही काँक्रीटची इमारत उभी राहिली.

एक लहान घर सुमारे 25 चौरस मीटरचं, म्हणजे आपल्या हिशोबात 270 चौरस फूट. बसा-झोपायची एक खोली, न्हाणीघर आणि इवलासा ओटा. फर्निचर भिंतीतच बसवलेलं. माणसानं फक्त कपडे, पुस्तकं आणि दोन-चार आवडीच्या वस्तू घेऊन यायचं. आपण अपरिग्रहाचं व्रत घेतो, इथे नकाशानंच परिग्रहाला मर्यादा घातली होती!

मग स्वयंपाक? खाली एक मोठं सामायिक स्वयंपाकघर होतं. तिथून जेवण सामानाच्या छोट्या लिफ्टनं वर यायचं. कपडे धुण्याची आणि बूट पॉलिशचीही सोय होती. त्या काळी इंग्लंडमध्ये घरकामाला माणसं मिळणं कठीण होत चाललं होतं, म्हणून ही युक्ती. पण मी कॉमर्सची, मला जमाखर्च आधी दिसतो. घरातलं काम नाहीसं झालं नव्हतं. ते खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी हाती गेलं होतं आणि त्याचे पैसे भाडेकरूच देत होते.

1937 मध्ये त्या सामायिक स्वयंपाकघराचं ‘आयसोबार’ नावाचं उपाहारगृह झालं. ॲगाथा ख्रिस्ती 1941 ते 1947 या इमारतीत राहिल्या. 1972 मध्ये इमारत कॅम्डन नगरपालिकेकडे गेली, पुढे देखभालीअभावी 1990 च्या दशकात ती ओस पडली. 2003-04 मध्ये डागडुजी झाली आणि बहुतेक घरं शिक्षक, परिचारिका अशा लोकांना मिळाली. म्हणजे लहान घराची गरज टिकली, पण तिला देखभालीचा खर्च चुकला नाही.

आपल्या मुलांसाठी असा फ्लॅट बघायला जाल तेव्हा कपाटं मोजण्याआधी ओटा बघा. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या मुलीला ऑफिसातून आल्यावर तिथे खिचडी टाकता येईल का? पाणी उकळून गाळता येईल का? की डबा बाहेरूनच येणार? तसं असेल तर तो खर्च भाड्यात मिळवा, मेन्टेनन्सही धरा आणि मगच घर स्वस्त आहे की नाही ते ठरवा.