छायाचित्रसिद्धता

छायाचित्रसिद्धता : छायाचित्र छापण्यास किंवा संकेतस्थळावर दाखविण्यास योग्य व्हावे म्हणून त्याच्या आकारावर, छटांवर व रंगांवर केले जाणारे संस्करण. साधने बदलली, तरी प्रत्येक माध्यमासाठी मूळ छायाचित्रावरून वेगळी प्रत तयार करावी लागते, हे या तंत्राचे मूलतत्त्व कायम राहिले आहे.

छायाचित्रातील छटा सलग असतात; छपाईत मात्र शाई उमटते किंवा उमटत नाही. ही अडचण हाफटोन पद्धतीने दूर झाली. गेऑर्ग माइझेनबाख याने १८८२ मध्ये तिचे एकस्व घेतले. जाळीतून छायाचित्र पुन्हा टिपले, की गडद भागात मोठे व उजळ भागात लहान बिंदू मिळत. मग जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर ते अम्लाने कोरून ठसा तयार करीत. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदासाठी इंचास सु. ६० ते ८५ रेषांची, तर गुळगुळीत कागदासाठी १३३ ते १५० रेषांची जाळी वापरीत. ठसा करण्यापूर्वी कारागीर छायाचित्रावर कुंचल्याने हात फिरवून फिकट कडा ठळक करी.

सातारा-सांगली परिसरात सचित्र मुद्रणाला औंध संस्थानात पोषक भूमी लाभली. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. संस्थानातील किर्लोस्करवाडी येथून, चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या वार्तापत्रातून पुढे किर्लोस्कर मासिक आकारास आले; स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही मासिकेही तेथूनच निघाली. छायाचित्रे, व्यंगचित्रे व रंगीत मुखपृष्ठे यांमुळे रेल्वेमार्गावरील या लहान वसाहतीतील मासिके महाराष्ट्रभर पोहोचली. औंध १९४८ मध्ये विलीन झाले. १९४९ मध्ये सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.

संगणकयुगात जाळीची जागा गणिताने घेतली. अंकीय छायाचित्र पिक्सेल या सूक्ष्म चौकोनी घटकांचे असते. उत्तम छपाईस इंचास सु. ३०० पिक्सेल लागतात. त्यामुळे १,२०० पिक्सेल रुंदीचे चित्र पडद्यावर भरघोस दिसले, तरी कागदावर चार इंचच पुरते. ए-४ आकाराच्या पूर्ण पानास सु. २,४८० × ३,५०८ पिक्सेल हवेत. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवितो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने होते. म्हणून पडद्यावरील झगझगीत हिरवा वा निळा रंग कागदावर मंदावतो. संकेतस्थळासाठी चित्र लहान करून जेपेग पद्धतीने संक्षेपित करतात. या पद्धतीत काही तपशील कायमचा गळतो आणि पुनःपुन्हा संपादून जतन केल्यास हानी वाढते.

जुन्या नियतकालिकांच्या जतनात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. अनेक छायाचित्रांच्या मूळ काचा वा फिल्म नष्ट झाल्या असून ती केवळ छापील बिंदूंच्या रूपाने उरली आहेत. अशी पाने क्रमवीक्षकावर टिपताना छापील जाळी व पिक्सेलांची मांडणी एकमेकींवर येऊन लहरींसारखी नक्षी उमटते. पानाचे मोठ्या विभेदनाने अंकन करून मग आकार घटविल्यास ती कमी होते. परंतु ठशात न उतरलेला चेहऱ्यावरील तपशील कोणत्याही संस्करणाने परत मिळत नाही. कुंचल्याची दुरुस्तीही पुराव्याचा भाग बनलेली असते. यास्तव ग्रंथालयांनी असंक्षेपित मूळ अंकन स्वतंत्र राखून त्यावरूनच छपाईची व संकेतस्थळाची प्रत करणे, तसेच छापील अंक अंकनानंतरही जपणे आवश्यक ठरते.